रुमाल बाहेर होता

ही घटना खरी आहे. जिच्या बाबतीत घडली ती वर्ना आता माझ्या शेजारच्याच जागेवर राहते, आणि थापा मारणाऱ्यांतली ती बाई नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं.

आणखी एक. यात अंधारी रात्र वगैरे काही नाही. जे झालं ते सकाळी झालं, लख्ख उन्हात, चार माणसांच्या देखत.

म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

जागा म्हणजे दक्षिण ॲरिझोनातला, भर वाळवंटातला, चाकांवरच्या घरगाड्यांचा एक पार्क. दिवस डिसेंबरचे, नाताळच्या थोडे आधीचे...

वर्नाचा नवरा वारला होता. त्याच्या आजारपणात आयडाहोमधलं घरही गेलं. उरली एक जुनी घरगाडी आणि ती ओढणारा त्याहून जुना ट्रक. पार्कवाले अशी माणसं बरोबर हेरतात. जागा फुकट, वीज-पाणी फुकट. बदल्यात न्हाणीघरं धुवायची, रस्त्यावरची खडी दंताळ्यानं सारखी करायची आणि तोंड बंद ठेवायचं. शेवटची अट कुणी बोलून दाखवत नाही, पण पाळावी लागते.

त्यात पोचता पोचता तिच्या ट्रकचं इंजिन बसलं. म्हणजे कॉर्डेलनं, त्या पार्कच्या मॅनेजरनं, उद्या हाकललं असतं तर तिला जायला जागा नव्हती आणि जायचं साधनही नव्हतं. हे कॉर्डेलला पक्कं ठाऊक होतं.

सकाळची फेरी हे तिचं पहिलं काम.

त्या पार्कात एकेकटी म्हातारी माणसं बरीच. बर्फाच्या मुलखातून हिवाळ्यापुरती आलेली, आणि त्यातली काही परत गेलीच नाहीत. त्यांची एक रीत होती. सकाळी उठलं की दाराच्या बाहेरच्या मुठीला लाल रुमाल लावायचा, लाकडी चिमट्यानं. संध्याकाळी आत घ्यायचा. रुमाल बाहेर असला म्हणजे मी जिवंत आहे, मला त्रास देऊ नका. रुमाल नसला तर दार वाजवा.

वर्नानं बॅटरीच्या गाडीतून फिरायचं आणि रुमाल बघायचे. बस.

रुमाल दिसत असताना दार वाजवणं म्हणजे तिथे मोठा अपराध. ही माणसं मुलांच्या घरातून, सुनांच्या नजरेतून, डॉक्टरांच्या सल्ल्यातून पळून आलेली. कुणी नाक खुपसलेलं त्यांना खपत नसे.

कोपऱ्यातल्या जागेवर थर्मन राहायचा. ऐंशीच्या पुढचा, तोंडाचा फटकळ.

"ए बाई, मेलो नाहीये अजून! काय टकमक बघतेस?" हे त्याचं रोजचं सुप्रभात.

"बघते कुठे? रुमाल मोजतेय," वर्ना म्हणायची.

"मोज आणि चालती हो."

मग एका सकाळी तो ओरडला नाही.

रुमाल बाहेर होता. वर्ना पुढे गेली.

दुसऱ्या दिवशीही ओरडला नाही. त्याच्या खिडकीतून जळक्या कॉफीचा वास यायचा, तो आला नाही. रेडिओवरचा गुरांच्या बाजारभावांचा कार्यक्रम ऐकू आला नाही.

रुमाल बाहेर होता...

संध्याकाळी बघितलं तर रुमाल आत गेलेला. म्हणजे ठीकच असणार.

तिसऱ्या सकाळी मात्र तिला एक गोष्ट खटकली. थर्मनच्या दारापुढची खडी तिनं आदल्या दुपारी दंताळ्यानं सारखी केली होती. दंताळ्याच्या रेघा जशाच्या तशा होत्या. पावलाचा एकही ठसा नाही.

आणि रुमालाला चिमटा नव्हता. मुठीला गाठ मारून बांधला होता, घट्ट.

वारा असतो, म्हणून बांधला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

ती गाडी वळवणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

टक... टक... टक...

शेजारच्या जागेवर मॅव्हिस लावा पक्ष्यांना दाणे टाकत होती. मॅव्हिस ही वर्नाची त्या पार्कातली एकुलती एक मैत्रीण. हृदय अधू, बोटं संधिवातानं वाकडी, पण हसायला लागली की थांबायची नाही.

"ऐकतेस का गं?" वर्नानं विचारलं.

"कालपासून चाललंय त्याचं. ठोकत बसला असेल काहीतरी."

"दार वाजवू?"

"रुमाल दिसत नाही का तुला? सकाळी सकाळी शिव्या खायची हौस असेल तर वाजव बाई."

दोघी हसल्या. वर्ना निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आवाज मंद झाला होता.

टक... ... टक...

त्यानंतर आलाच नाही. रुमाल मात्र रोज येत राहिला. सकाळी बाहेर, संध्याकाळी आत.

शेवटी कळलं ते वासामुळे.

दार फोडावं लागलं. कडी आतून होती. थर्मन स्वयंपाकाच्या ओट्याखाली पडलेला, खुबा मोडलेला, हातात चमचा. शेरीफबरोबर आलेल्या डॉक्टरनं सांगितलं, पडल्यावर तो लगेच गेला नाही. तीन-चार दिवस जिवंत होता.

"मग रुमाल कोण लावत होतं?" वर्नानं विचारलं.

"तोच," कॉर्डेल म्हणाला.

"जमिनीवर पडल्या पडल्या? मूठ बाहेरच्या बाजूला आहे, कॉर्डेल!"

"मग तू फेरीच मारली नसशील. गाडीत डुलक्या काढल्या असतील."

वर्नानं बाकीच्यांकडे बघितलं. सगळे जमलेले, हातात कॉफीचे पेले घेऊन. रुमाल त्या सगळ्यांनी रोज बघितला होता. पण प्रत्येक जण आपापल्या पेल्यात बघत राहिला. रुमालाचं कबूल केलं, तर टकटक ऐकल्याचंही कबूल करावं लागलं असतं. मग कोण तोंड उघडतो? "आपल्या गाडीत गेला, सुटला बिचारा," असं एकजण म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दुपारी ठरल्याप्रमाणे बिंगो झाला.

त्या दिवसापासून वर्ना दारं वाजवायला लागली.

रुमाल असो नसो. प्रत्येक दार. आतून आवाज आल्याशिवाय पुढे जायची नाही. लोकांनी आधी थट्टा केली, मग शिव्या दिल्या, मग तक्रारी केल्या.

कॉर्डेलनं तिला बोलावून घेतलं. "रुमाल बाहेर म्हणजे माणूस जिवंत. हा नियम तुला मान्य नसेल तर रस्ता मोकळा आहे. पुन्हा एक तक्रार आली की त्याच दिवशी जागा खाली करायची. ट्रक ढकलत नेतेस की उचलून, ते तुझं तू बघ."

वर्नानं मान खाली घातली. दुसरं काय करणार? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अक्कल असते हो, ती वापरायची सोय नसते.

मॅव्हिसचं दार मात्र ती गुपचूप वाजवायची. मॅव्हिस आतून ओरडायची, "आहे गं, आहे! मेले की कळवीन!"

मॅव्हिसला मरणाची भीती नव्हती. तिला भीती एकाच गोष्टीची होती. ओहायोतल्या मुलानं तिच्यासाठी वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. "एकदा का मी आजारी पडले ना, की तो मला उचलून तिथे नेऊन टाकणार," ती म्हणायची. "तसं काही झालं तर मला इथेच वाळूत पुरून टाक. कोल्ह्यांना तरी उपयोग होईल."

"गप्प बस," वर्ना म्हणायची.

फेब्रुवारीतली एक रविवारची सकाळ. मोठ्या शेडमध्ये पॅनकेकचा बेत होता, सगळा पार्क तिथे लोटलेला. वर्ना फेरी संपवत आणली. मॅव्हिसच्या जागेपाशी आली...

रुमाल बाहेर होता.

लावे दाण्यांची वाट बघत पायरीपाशी गोळा झाले होते. दाणे टाकलेले नव्हते.

वर्नानं दार वाजवलं.

आवाज नाही.

पुन्हा वाजवलं.

मग तिचं लक्ष मुठीकडे गेलं.

रुमालाला चिमटा नव्हता... गाठ होती. घट्ट. मॅव्हिसच्या त्या वाकड्या बोटांना स्वेटरचं बटण लावता येत नसे. ती गाठ कुठून मारणार?

वर्ना दारावर बुक्के मारायला लागली. ओरडायला लागली. शेडमधून लोक बाहेर आले, हातात पॅनकेकच्या ताटल्या तशाच. कॉर्डेल पळत आला.

"वर्ना! बाजूला हो!"

"गाठ बघ! थर्मनच्याही दाराला हीच गाठ होती!"

"रुमाल बाहेर आहे. ती झोपली असेल. हे दार तोडलंस तर संध्याकाळच्या आत इथून निघायचं. सांगून ठेवतोय!"

वर्नानं एकदा सगळ्यांकडे बघितलं. कुणीही पुढे आलं नाही. एक म्हातारा तर उभ्या उभ्या खात होता.

तिनं गाडीतली लोखंडी पहार काढली आणि दाराच्या फटीत घातली.

कडी याही वेळी आतूनच होती.

मॅव्हिस पलंगाशेजारी जमिनीवर, कुशीवर पडलेली. डोळे उघडे. श्वास चालू होता. अर्ध्या तासात मदतीचं हेलिकॉप्टर आलं आणि तिला घेऊन गेलं.

"अजून थोडा उशीर झाला असता तर गेलीच होती," असं त्यातला माणूस म्हणाला. वर्नाला वाटलं, आता तरी कुणी काही म्हणेल. निदान 'बरं केलंस' एवढं तरी.

कॉर्डेलनं तिला संध्याकाळी हाकललं. दार मोडल्याबद्दल.

एका ट्रकवाल्याला दया आली, त्यानं तिची घरगाडी ओढून आमच्या पार्कात आणून सोडली. अशी ती माझ्या शेजारी आली.

मॅव्हिसला तिच्या मुलानं दवाखान्यातून थेट ओहायोला नेलं. त्याच खोलीत.

वर्नानं फोन केला, तेव्हा मी तिच्या समोरच बसले होते. फोन स्पीकरवर होता, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

"का उठवलंस गं मला?" हे मॅव्हिसचं पहिलं वाक्य.



"मी पडले तेव्हा उजाडत होतं," मॅव्हिस सांगू लागली. आवाज अगदी शांत. "हलता येत नव्हतं. पण दुखतही नव्हतं फारसं. मग बघितलं तर दाराशी कुणीतरी उभं होतं..."

"दाराबाहेर?"

"नाही. आत."

"कोण होतं?"

"तोंड दिसलं नाही. उजेड पाठीमागून येत होता. बोलायला सभ्य होता. म्हणाला, रुमाल बाहेर लावू का? कुणी येणार नाही मग."

"आणि तू?"

"मी हो म्हणाले, वर्ना. मनापासून हो म्हणाले. मग तो माझ्याजवळ येऊन बसला. तू दार फोडलंस तेव्हाही तिथेच होता. तुला दिसला नाही?"

वर्नाला कुणी दिसलं नव्हतं. पलंगाजवळची खुर्ची मात्र ओढून मॅव्हिसच्या डोक्याशी आणलेली होती, एवढं तिला आठवत होतं.

मग वर्नानं हळूच विचारलं, "थर्मनलाही विचारलं असेल त्यानं?"

"विचारलंच असेल."

"मग थर्मन काय म्हणाला असेल?"

"त्याचं उत्तर आपण दोघींनी ऐकलं की," मॅव्हिस म्हणाली. "चांगले दोन दिवस ऐकलं."



"इथे दारं दिवसरात्र उघडी ठेवतात," मॅव्हिस पुढे म्हणाली. "दर तासाला एक पोरगी डोकावून जाते. कडी म्हणून नाही दाराला. इथे तो यायचा नाही गं..."

आणि ती रडायला लागली. हसायची तशीच, न थांबता.

मॅव्हिस अजून जिवंत आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी बरीच वर्षं काढेल.

वर्नानं पुन्हा फोन केलेला नाही. आपण मैत्रिणीला वाचवलं की तिचा घात केला, हे तिला अजून समजत नाही. मला विचारते. मी काय सांगणार? आणि जो एकाला हो म्हटल्यावर जवळ येऊन बसतो आणि दुसऱ्यानं नाही म्हटलं तरी रुमाल बांधून जातो, तो कोण, हे तर कुणीच सांगू शकत नाही.

आमच्या पार्कात रुमालाची रीत नाही. मी मुद्दाम चौकशी केली.

पण हल्ली संध्याकाळी वर्ना तिच्या दाराला आतून कडी घालत नाही. आमच्यापैकी कुणाला येता यावं म्हणून, की आणखी कुणासाठी... हे तिला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.