तुबलीच्या खाडीतला केशरी गोंडा

"पोले पोले!"

हा आवाज ऐकला तेव्हा कस्तुरी पाच वर्षांची होती. केनियातलं नाकुरू सरोवर, काठावर खाकी कपड्यांतली एक रेंजरबाई, आणि समोर दूरवर गुलाबी, नुसतं गुलाबी पाणी! कस्तुरी टाळ्या पिटत धावत सुटली होती. तेव्हा बाईनं तिच्या खांद्यावर अलगद हात ठेवला. "पोले पोले!"

"म्हणजे हळूहळू," बाबांनी कानात सांगितलं. "त्या म्हणताहेत, पक्षी जेवायला बसलेत. आपण पाहुणे."

बाबांची नाकुरूची नोकरी संपली. मग बहारीन आलं, शाळा आली, कस्तुरी बारा वर्षांची झाली. पण तो आवाज कुठे गेला नाही. शिंपला कानाला लावला की समुद्र असतोच, तसा तो असायचा.

"आणि या सुट्टीत आम्ही पुन्हा तिथे जाणार होतो!" इमारतीच्या जिन्यात बसून ती कुरकुरत होती. "पण बाबांची लीव्ह मफी! नाहीच मिळाली!"

"म्हणजे मसाई मारा मफी, अम्बोसेली मफी," वरच्या मजल्यावरचा तेरा वर्षांचा अथर्व बोटांवर मोजत म्हणाला. "आणि त्सावोचे लाल हत्तीपण मफी!"

"लाल हत्ती? काहीही हं दादा!" त्याची धाकटी बहीण मृणाली खिदळली.

"अगं, तिथली मातीच लाल. हत्ती ती अंगावर उडवून घेतात. खोटं वाटतं तर हिला विचार!" अथर्व एकदम उठून उभा राहिला. "ए, आपणच पार्क काढू या की! तुबली नॅशनल पार्क! मआमीर वस्तीच्या मागे खाडी आहे. खाडीत फ्लेमिंगो आहेत. अजून काय पाहिजे?"

"सिंह!"

"पार्किंगमधला पिवळा बोका."

"गेंडा?"

"तू आहेस की!"

मृणालीनं त्याला चप्पल फेकून मारली. पण तासाभरात तिनंच पुठ्ठ्याचे तीन बिल्ले कापले, त्यांवर 'रेंजर' असं लिहिलं, आणि तिघं सायकली घेऊन निघाले. यल्ला, चला!

ओहोटी लागली होती. खाडीचा चिखल चांदीसारखा चमकत होता आणि त्यात रोहित पक्ष्यांचा थवा माना वाकवून चरत होता. कस्तुरीनं दुर्बीण डोळ्यांना लावली.

"तो बघ, तो कडेचा. काहीतरी गडबड आहे."

"एका पायावर उभा आहे. ते उभे राहतातच तसे!" अथर्व म्हणाला.

तेवढ्यात पलीकडून एक लॉरी धडधडत गेली. थवा उडाला! पांढऱ्या पंखांखालचा गुलाल आभाळभर झाला. तो एकटा मात्र जागच्या जागी फडफडला आणि तोंडावर पडला.

"अडकलाय!" मृणाली किंचाळली.

मग कसली सफारी आणि कसलं काय! गुडघाभर चिखल तुडवत तिघं निघाले. "पोले पोले!" कस्तुरी पुटपुटत होती. तिनं गळ्यातला टॉवेल काढून अलगद पक्ष्याच्या डोक्यावरून टाकला आणि त्याला कवेत धरलं. एवढा उंच पक्षी, आणि अंगात वजन म्हणून नाही! टॉवेलखाली त्याचं काळीज धडधडत होतं.

"तंगूस आहे!" अथर्वनं पाय तपासला. पारदर्शक, चिवट तंगूस, मासे धरायचा असतो तसला, पायाला करकचून आवळला होता आणि त्याचं दुसरं टोक खारफुटीच्या मुळात गुंतलं होतं. मृणालीनं बिल्ल्यांची कात्री पुढे केली. कच्! कच्! शेवटचा फास कस्तुरीनं आपल्या बोटांनी सोडवला आणि तिच्या तळहातात काहीतरी ओलं, मऊ आलं.

केशरी लोकरीचा गोंडा. मधोमध सोनेरी मणी.

कस्तुरीचे कान गरम झाले. हा गोंडा तिनंच केला होता. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आई लक्ष्मीचा घट मांडायची आणि झेंडूचा हार ओवायची. सुती दोरा फुलांच्या ओझ्यानं तुटतो म्हणून तंगुसात. हाराच्या टोकाला गोंडे बांधायचं काम कस्तुरीचं. शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या सुट्टीत बाबा निर्माल्याची पिशवी घेऊन जायचे. कुठे, ते तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"काय गं ते?" अथर्वनं विचारलं.

"काही नाही. शेवाळ," ती म्हणाली आणि मूठ मिटली.

पक्षी लंगडत चार पावलं गेला, पंख उघडले, आणि उडाला! अथर्व आणि मृणाली चिखलात नाचू लागले. कस्तुरी मात्र नुसती उभी राहिली.

"आता गुन्हेगार!" अथर्व म्हणाला. त्याची नजर किनाऱ्यावर ओढलेल्या बोटीकडे गेली. तिथे हारूनचाचा जाळं दुरुस्त करत बसला होता. दापोलीकडचा माणूस, तोंडानं तिखट. मागे एकदा मुलं बोटीत चढली म्हणून त्यानं वल्हं उगारलं होतं. त्याच्या पायाशी तंगुसाची रिळं पडली होती.

"चाचा, तुमच्या तंगुसानं फ्लेमिंगो मरत होता!" अथर्व मोबाइल रोखून म्हणाला.

"माजा तंगूस?" हारूनचाचा उसळला. "आरं, तंगूस काय फुकट येतो, की मी खाडीत फेकीन? तुमी शाळेत हेच शिकताव? फोटो बंद कर आदी!"

"बघा, चिडले! म्हणजे नक्की यांचंच!"

हारूनचाचानं कस्तुरीकडे बघितलं. "तू बोल गो पोरी. माजा हाय हा?"

कस्तुरीच्या मुठीत गोंडा जळत होता. बोलली तर आईची पूजा, बाबांची पिशवी, सगळं चव्हाट्यावर. ती आपल्या चिखलानं भरलेल्या पायांकडे बघत राहिली.

अथर्वनं व्हिडिओ इमारतीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला कोण जाणे! दोन दिवसांनी मृणाली धापा टाकत खाली आली. "तो व्हिडिओ बोटीच्या मालकाला मिळाला, त्या इलियासला! तो म्हणाला, माझ्या दारात सरकारी माणसं यायला नकोत. हारूनचाचाचा व्हिसा कॅन्सल! गावाला पाठवणार!"

"बरं झालं," अथर्व म्हणाला. पण त्याचा आवाज जरा बारीक झाला होता.

कस्तुरीला जेवण गेलं नाही. गुरुवार आला. उद्यापनाचा दिवस. आई झेंडू घेऊन बसली आणि ओवता ओवता गुणगुणू लागली,

"केशरी फुलांचा गं, हार ओविला दाराला,
सोनपावली माय आली, सात समुद्रां पाराला."

कस्तुरीला ती ओवी फार आवडायची. आज मात्र तिला ती ऐकवेना.

"आई, सुती दोरा घेऊ या ना."

"तुटतो गं तो. गोंडे कर बघू पटापट."

"हाराचं मग काय होतं?"

"देवाचं आहे, पाण्यात जातं," आई हसली. "असं काय विचारतेस वेड्यासारखं?"

सांगावं आत्ता? जिभेवर शब्द आले. पण आईचा चेहरा इतका प्रसन्न होता! कस्तुरीनं लोकर गुंडाळायला घेतली. आज गोंडे वाकडेतिकडे झाले.

शुक्रवारी सकाळी तिन्ही रेंजर पुन्हा किनाऱ्यावर. "चाचा नसताना कोणी तंगूस टाकतंय का बघू," असं मृणालीच म्हणाली होती. तिलाही झोप लागली नव्हती. तिघं उलट्या घातलेल्या बोटीमागे दडले. पलीकडे हारूनचाचा आपलं अंथरूण, डबा, शेगडी एका गोणीत भरत होता. इकडे बघतसुद्धा नव्हता.

आणि बाबांची पांढरी गाडी आली.

"अरे, हेमचंद्रकाका!" अथर्व उठला. मृणाली बिल्ला सरसावत धावली. "थांबा! तुबली नॅशनल पार्क! तिकीट दाखवा!"

"बापरे, रेंजरसाहेब!" बाबा हसले. हातात फुगलेली पिशवी. "व्हिडिओ पाहिला बरं का मी. शाबास रे पोरांनो! पक्षी वाचवलात, चोर पकडलात! एवढं निर्माल्य सोडतो, मग तुम्हांला मनाम्यात फालूदा."

बाबा पाण्याकडे वळले. पाण्यात थवा चरत होता. पिशवीचं तोंड उघडलं.

"बाबा, नको!"

कस्तुरीनं धावत जाऊन पिशवी हिसकली, हार बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर ओरबाडला. झेंडू वाळूत घरंगळले. तिच्या हातात उरला लांबलचक, चिवट तंगूस.

अथर्व तंगुसाकडे बघत होता. मग त्यानं मान वळवून गोणीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... म्हणजे चाचांनी..."

"दर शुक्रवारी," बाबा हळू म्हणाले. "दर शुक्रवारी मीच टाकतो." त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "नाकुरूला मी हिला सांगत होतो, आपण पाहुणे. आणि इथे..."

मग ते हारूनचाचाकडे गेले आणि त्याच्याकडून नंबर घेऊन तिथेच वाळूत उभे राहून त्यांनी इलियासला फोन लावला. "नाही, त्याची चूक नाही. तंगूस माझ्या घरचा. मी स्वतः येतो, लिहून देतो. प्लीज, आज काही करू नका." फोनवर बराच वेळ आरडाओरडा चालला होता. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी "इंशाल्ला, इंशाल्ला" म्हणून त्यांनी फोन ठेवला. "कामावर ठेवतोय तो तुम्हांला. हारूनभाई, मला माफ करा."

अथर्वनं कान पकडले. "चाचा, व्हिडिओ आत्ता काढतो. आणि माफीचा टाकतो. माझ्या तोंडानं."

"टाक. पन त्यात माजा चेरा बरा दिसूदे," हारूनचाचा गुरगुरला आणि गोणीतून शेगडी परत बाहेर काढू लागला. मग त्यानं कस्तुरीकडे बोट केलं. "ही पोरगी मात्र हुशार. तुमी दोघं नुसते बोंबलत व्हतात. हिनं बराबर वळखलान!"

"खरंच गं!" मृणाली तिला बिलगली. "एका झटक्यात सोडवलंस कोडं! हेड रेंजर तूच!"

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी शहाणी लेक. माझ्याच हातून आणखी पाप होता होता वाचवलंस."

सगळे तिच्याकडे कौतुकानं बघत होते. कस्तुरीला वाटलं, चिखलात गळ्यापर्यंत बुडावं. गप्प राहिलं तर चालणार होतं. कोणालाच कळणार नव्हतं.

ती हारूनचाचासमोर जाऊन उभी राहिली.

"चाचा, मी आज नाही ओळखलं," ती म्हणाली आणि तिनं खिशातला केशरी गोंडा त्याच्यापुढे धरला. "पक्ष्याच्या पायातून तंगूस सोडवला ना, तेव्हाच ओळखलं. तुम्ही मला विचारलंत, 'माजा हाय हा?' तेव्हा मला माहीत होतं, तो तुमचा नाही. आमचा आहे."