दुखण्याची जोडीण

हिरू जाळ्याची गाठ उकलत होती आणि—

कंबर. माकडहाडापासून थेट मानेपर्यंत.

—गाठ हातातून सुटली. तिच्या अंगाला काहीच झालं नव्हतं. दुखणं खाडीपलीकडच्या मंजुळाचं होतं.

मासेमारीच्या हद्दीवरून दोन्ही काठांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची डोकी फोडली. मग डॉक्टर सोमणबाईंनी 'दाणा' आणला. दुखतं ते जखमेत नव्हे, मेंदूत. तिथे उठणारी लहर टिपून दुसऱ्या मेंदूत उमटवता येते. प्रत्येकाच्या कानामागे तांदळाएवढा दाणा, आणि प्रत्येकाला पलीकडचा एक जोडीदार. पलीकडच्याला मारलं, की आपल्याच घरातलं कुणीतरी कळवळायचं. उगारलेली वल्ही खाली आली. आता जाळीही दोन्ही काठ मिळून टाकत.

करारात एक अट कडक होती : बधिर करणारं औषध घ्यायचं नाही. ज्याला दुखत नाही, त्याला मारलं तर कळणार कुणाला? सूट फक्त मरणाऱ्याला, तीही जोडीदार हो म्हणाला तर.

मंजुळाच्या हाडांत कॅन्सर होता.

हिरू होडीने पलीकडे गेली.

"आलीस?" मंजुळा कण्हत हसली. "तुझ्या दाढेनं मला शिमग्याची पोळी खाऊ दिली नव्हती. घे आता, फेड."

"तोंड बघ कसं चालतंय अजून!"

सोमणबाईंनी हिरूला बाजूला घेतलं. "इंजेक्शन देता येईल. पण पुढे तुम्हाला तिचं काहीच कळणार नाही, हिरूताई."

"बरंच की. सुटेल बिचारी. द्या."

सुई टोचली. थोड्या वेळानं मंजुळाला झोप लागली.

कंबर सुटली. मान सुटली. कितीतरी वर्षांनी हिरूच्या अंगात फक्त हिरू उरली.

"ओठ सुकू देऊ नका," म्हणत बाईंनी तिच्या हाती पाण्याची वाटी दिली.

हिरू वाकली. मंजुळाची हनुवटी थेट तिच्या भावासारखी होती. दाणा येण्याआधी त्याच भावानं वल्ह्यानं हिरूचं पोर मारलं होतं. हे हिरू विसरली कधीच नव्हती. पण मध्ये नेहमी मंजुळाचं काहीतरी दुखत असायचं.

मंजुळाची जीभ कोरड्या ओठांवरून फिरली.

हिरूचा हात

हलला नाही.

"हिरूताई?"

"मला दुसरी जोडीण द्या. आत्ताच्या आत्ता."

"अहो, नवा दाणा शहरातून मागवावा लागेल."

हिरूनं वाटी बाईंच्या हातात दिली. "मग तोवर पाणी तुम्ही पाजा. आणि मला हिच्यापाशी एकटीला सोडू नका."