परतीची भीती

डॉ. मुक्ता सोवनीने आईच्या डोक्यावर भयमापक टोपी नीट बसवली आणि वकिलातीतल्या अधिकाऱ्याचा आवाज काढून विचारलं, "समजा, तुम्हाला पुन्हा कधीच भारतात परतता आलं नाही, तर?"

"तर काय, राहीन निहारकडे," आई म्हणाली. पडद्यावरची हिरवी रेघ ढिम्म हलली नाही.

पुण्याच्या मेंदूसंशोधन प्रयोगशाळेत हा सराव आठवडाभर चालला होता. मुक्ताचा धाकटा भाऊ निहार परदेशातच लग्न करत होता. व्हिसाची मुलाखत उद्या सकाळी आणि विमान उद्याच रात्री, अशी सगळी घाई. सूनमुख बघायला मीच नको का, असं म्हणत आईने, म्हणजे मंगलताईंनी, आरसासुद्धा बॅगेत भरला होता. उत्तरं त्यांना तोंडपाठ होती. विचारलं तेवढंच सांगायचं, रुखवताचा विषय काढायचा नाही, हेही त्या शिकल्या होत्या. रेघ तेवढी शिकायला तयार नव्हती.

"आई, टोपीपुढे खोटं चालत नाही गं."

"मी कुठे खोटं बोलतेय? तुझे बाबा गेल्यापासून मला कशाचीच भीती वाटत नाही."

आई चहा प्यायला गेल्यावर मुक्ता सहकारी डॉ. मुजावरांसमोर हताश होऊन बसली. टोपी त्या दोघांनीच घडवली होती आणि आता वकिलाती तीच वापरत होत्या. तत्त्व साधं होतं. मागे राहिलेल्या कुणापासून तरी तुटण्याची भीती ज्याला वाटते, तो परत येतो. ती भीती मेंदूच्या आत, बदामाएवढ्या भागात उठते. तिचं सोंग आणता येत नाही. रेघ चढली तर व्हिसा, नाहीतर नकार.

"मग खरीच भीती घालते," मुक्ता म्हणाली. "मला गाठ निघालीय म्हणून सांगते. व्हिसा हातात पडला की खरं सांगून टाकेन."

मुजावरांना हे मुळीच पटलं नाही. "भीती एका वाक्यानं आत जाते, मुक्ता, पण एका वाक्यानं बाहेर येत नाही. आणि आपल्या टोपीला भीती कळते, कशाची ते कळत नाही."

मुक्ताने ऐकलं नाही. सकाळी वकिलातीच्या दारात तिने आईचा हात धरला आणि पोटात गाठ आहे, तपासणी व्हायची आहे, असं सांगितलं. मंगलताई पांढऱ्याफटक पडल्या. आत रेघ सरसर चढली असणार, कारण व्हिसा लगेच मिळाला.

बाहेर येताच त्यांनी निहारला फोन लावला. मी येत नाही, तुम्ही लग्न उरकून घ्या, एवढंच त्या म्हणाल्या. मुक्ता घाबरली. तिने तिथेच सगळं कबूल केलं, आईच्या गळ्याची शपथ घेतली. पण मंगलताईंची मान नकारार्थीच हलत राहिली. "मला पाठवायला खोटं बोलतेस," त्या म्हणाल्या. "लहानपणी ताप लपवून शाळेत जायचीस, तशी."

आता एकच पुरावा उरला होता. मुक्ता आईला तडक प्रयोगशाळेत घेऊन आली आणि टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली. मुजावर नको नको म्हणत होते, पण ती हट्टालाच पेटली.

"आई, तूच विचार मला."

"तुला गाठ आहे?"

"नाही," मुक्ता म्हणाली. ते अगदी खरं होतं. पण त्याच क्षणी तिला दिसलं, की आईने अजून विश्वास ठेवलेला नाही, रात्रीचं विमान आईविना सुटणार आहे आणि निहारच्या बायकोचं मुख आरशात बघायला तिथे कुणीच नसणार आहे. हे सगळं आपल्यामुळे. तिला खरीच भीती वाटली.

रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली.

मुजावर घाईघाईने समजावू लागले, पण मंगलताई ऐकत नव्हत्या. त्यांनी हलक्या हाताने लेकीची टोपी काढली आणि विस्कटलेले केस सारखे केले.

"टोपीपुढे खोटं चालत नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "चल, कुठल्या डॉक्टरांकडे जायचं ते सांग."