हेडफोन लावल्यावर ऐकू आलेलं

दुकानात नमुन्याचा हेडफोन एकच होता आणि तो नेमका त्याच्या कानांवर होता. तिने पाच मिनिटं वाट पाहिली, दोनदा सुस्कारा सोडला, मग विचारलं, "झालं का तुमचं?"

"बाहेरचा आवाज बंद होतो म्हणतात," हेडफोन काढत तो म्हणाला, "पण तुमचे दोन्ही सुस्कारे ऐकू आले. म्हणजे पुरता होत नाही."

ती हसली नाही. ती घरबसल्या पुस्तकांची प्रुफं तपासायची आणि महिनाभर तिच्या डोक्याचा भुगा झाला होता.

"आमच्या खाली एक दातांचा डॉक्टर आलाय. सकाळपासून नुसती घरघर. परवा लेखकाने मानलेल्या 'आभारां'चे 'आजार' झाले, तेही माझ्या नजरेतून सुटले. महागातला परवडत नाही, म्हणून हा बघायला आले. नाहीतर खोली बदलायची. दुसरी बघूनही ठेवलीय."

"घरघर कॉम्प्रेसरची... की ड्रिलची?"

"तुम्हाला हो काय ठाऊक?"

तो जरा घुटमळला. "तो डॉक्टर मीच. आता आठवलं, तुम्हाला आमच्या जिन्यात पाहिलंय. पेशंट ड्रिलच्या आवाजानेच अर्धे होतात, त्यांच्यासाठी बघतोय."

आता तिची पंचाईत झाली. दुकानदाराने मधे पडून सांगितलं, न आवडल्यास आठ दिवसांत परत. मग दोघांनी एकेक घेतला, आणि रोज दवाखाना बंद झाल्यावर जिन्यात भेटून अनुभव सांगायचा, असं ठरलं.

"कॉम्प्रेसर साफ गेला," पहिल्या संध्याकाळी ती म्हणाली. "ड्रिल मात्र सुईसारखं येतं. आणि चष्म्याची काडी कानाला टोचते."

"माझ्याकडे एक आजी गाणी ऐकता ऐकता झोपल्या," तो म्हणाला. "तोंड मिटून."

या वेळी ती हसली. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग उगाचच किल्ल्या चाचपू लागला.

एक अनुभव मात्र तिने सांगितला नाही. घरघर गेल्यावर त्या घरघरीखाली दबलेला त्याचा आवाज खिडकीतून सरळ वर येऊ लागला होता. "घाबरू नका. दुखलं तर हात वर करा, मी थांबतो." आणि तो खरंच थांबायचा, ड्रिल बंद व्हायचं. कितीही वेळा. तिचं बोट प्रुफाच्या त्याच ओळीवर राहायचं. सातव्या दिवशी सकाळी दुसऱ्या खोलीच्या मालकीणबाईंचा फोन आला, तेव्हा तिने नको म्हणून सांगितलं. का, ते तिला विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी तो पडलेल्या चेहऱ्याने जिन्यात आला.

"पेशंटना उपयोग नाही. ड्रिल ऐकू येतंच, वर गाण्यांमुळे माझं बोलणं अर्धवट कळतं. उद्या परत करतो. आणि कॉम्प्रेसर मागच्या अंगणात हलवतोय, म्हणजे तुमचाही त्रास संपेल. फक्त..." तो कठड्याकडे बघत म्हणाला, "मग जिन्यात भेटायला कारण उरणार नाही."

"माझा मी ठेवणार आहे."

"कशाला? घरघर जातेय ना?"

"पंखा आहे, रस्ता आहे. तेवढ्यापुरता चांगला आहे. माणसाचं बोलणं काही तो अडवत नाही." ती थांबली. "तुमचं मला रोज ऐकू येतं."

"काय काय ऐकलंत?" त्याचे कान लाल झाले.

"सगळं. आठवडाभर काम कमी झालं आणि तुमचं ऐकणंच जास्त झालं. दुसरी खोली मी नाकारलीय... आता समजून घ्या."

त्याने हातातल्या किल्ल्या खिशात टाकल्या. मग म्हणाला, "उद्या दवाखाना बंद असतो. दुकानात बरोबर याल? आणि तिथून पुढे, कुठेही?"

"येते. पण हे 'याल', 'ऐकलंत' आता पुरे करा."

तो दोन पायऱ्या उतरला, थांबला, वळला.

"दहाला निघू... तू तयार राहा," तो म्हणाला, आणि त्या एका शब्दाने दोघंही इतके अवघडले की बराच वेळ कुणी जागचं हललं नाही.