चिमाचा डावा हात

हेमलताबाई पाटणे सकाळी स्वतःच्या चहाआधी चिमाला साखरपाणी पाजायच्या. चिमा ही वीतभर उंचीची कागदी बाहुली, जुन्या लग्नपत्रिकेतून कापलेली. काचेच्या ताटलीत ती उताणी पडली होती आणि तिला डावा हात फुटत होता.

करामत जीवाणूंची होती. पुण्याच्या शर्वरी मोघेने ते प्रयोगशाळेत वाढवले होते. साखर खायची आणि तंतू विणायचे, एवढंच त्यांचं काम. फाटकी कड सापडली की तिथल्या तंतूंची दिशा ओळखून ते पुढचा कागद पुरा करत. बाई त्यांना विणकर म्हणत. चारशे बाहुल्यांच्या संग्रहाला ठिगळं लावण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना याहून मोठं सुख कोणतं?

शर्वरीने बजावलं होतं, "मावशी, पाणी रोज बदला. आणि खळीत मोरचूद घालाच, म्हणजे ते बाकीच्या कागदांत शिरणार नाहीत."

मोरचूद! कीड लागू नये म्हणून वह्या बांधणारे खळीत घालतात ते. त्याने पुढे कागद डागाळतो, हे बाई चाळीस वर्षं जगाला सांगत आल्या होत्या. कालच्या पोरीने त्यांना खळ शिकवावी? त्यांनी शुद्ध मैद्याची खळ शिजवली. चिमाचा नवा कागद सारखा करायला आणि बाकीच्या बाहुल्या अल्बमात चिकटवताना खळ लावायला कुंचला एकच होता.

हा हात त्यांना हवाच होता. पंचावन्न वर्षांपूर्वी भांडणात तो त्यांनीच फाडला होता. चिमा थोरल्या बहिणीची, वसूची. त्याच आठवड्यात वसू तापाने फणफणली आणि गेली. तिचा फोटो नव्हता. बाहुलीच्या पाठीवर तिने पेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी, एवढीच वसू उरली होती.

नवव्या दिवशी हात पुरा झाला, पाचही बोटांसकट. बाईंना रडूच कोसळलं. डोळे पुसून त्यांनी चिमाला अलगद उलटं केलं. पाठ कोरी होती.

बाईंनी शर्वरीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मागे लिहिलेलं होतं? मला सांगितलं का नाहीत? शिसं, शाई, रंग, त्यांच्या लेखी सगळा मळच. तो सुटा करून ते पाण्यात ढकलतात. पाणी राखाडी दिसलं होतं का?"

"थोडंसं. मला वाटलं, धूळ."

"ते ठेवलंय का कुठे?"

"रोज मोरीत ओतलं. तूच म्हणालीस, बदला."

"मावशी, खळीत मोरचूद होतं ना?"

बाईंनी बाहुल्यांचा जवळचा अल्बम उघडला. मग दुसरा, मग तिसरा. बाहुल्यांचे झिजलेले कोपरे भरून आले होते, तुटके पाय लांब झाले होते. डोळे, कुंकू, साड्यांचे काठ मात्र पुसट होत चालले होते. काहींना तर तोंडच उरलं नव्हतं.

"ही खळ आणखी कुणाला दिलीत?" शर्वरीचा आवाज चढला.

"शाळेला. वाचनालयाला. आणि गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या परवा मीच सांधून आले."

"मी निघतेय. तोवर कुणाला त्या वह्या उघडू देऊ नका, दुसऱ्या कागदांजवळ ठेवू देऊ नका!"

बाईंनी वाचनालयाला फोन लावला, शाळेला लावला, नोंदवह्यांच्या कारकुनाला लावला. कुणालाच त्यांचं म्हणणं खरं वाटेना.

मग त्यांनी पेन्सिल घेतली. त्या चार ओळी त्यांना तोंडपाठ होत्या. चिमाच्या पाठीवर त्यांनी पहिला शब्द लिहिला. तो त्यांच्याच अक्षरात उतरला. खोडून पुन्हा लिहिला, तरी तसाच. शब्द सगळे आठवत होते, पण वसूचं अक्षर कसं होतं?