वजाबाकीत हरवलेलं

सुगंधा डोंगरदिवेंनी कपाळावरचा भावपट्टा काढून टेबलावर ठेवला आणि आपण नोकरी सोडणार असल्याचं जाहीर केलं. समोर बसलेल्या फिरोज तडवींनी शांतपणे चहा ओतला. अशी घोषणा त्यांच्यापुढे दर पावसाळ्याआधी कुणी ना कुणी करतच असे.

हर्णैजवळच्या या चांद्रतळ प्रशिक्षण केंद्रात चंद्रावर जाणाऱ्या प्रत्येक तुकडीप्रमुखाला एक मनप्रशिक्षक मिळायचा. तो काही शिकवायचा नाही, बोलता बोलता माणसाला स्वतःकडे बघायला लावायचा. पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. म्हणून या प्रशिक्षकांनाही अधूनमधून चिंतनबैठकीला बसावं लागे. तिथे तडवी निरीक्षक होते. बैठकीचा रिवाज एकच होता: निरीक्षकाने फक्त प्रश्न विचारायचे. उपदेश केला, तर साऱ्या विभागाला भजी खाऊ घालायची. तडवी या बाबतीत पक्के कंजूस होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"माझे तुकडीप्रमुख परुळेकर उद्या निघतायत. सव्वा वर्ष चंद्रावर. ते मनाने तयार आहेत की नाहीत, ते मला संध्याकाळपर्यंत सांगायचंय. आमच्या शेवटच्या भेटीत त्यांना काय वाटत होतं, ते आत्ता पट्ट्यावर अनुभवलं. बाकी सगळं नेहमीसारखं आहे. पण घराचा विषय निघाला की काहीच नाही. शून्य. माणूस आहे की दगड? सहा महिने बोलून मी त्यांच्या मनाला हातसुद्धा लावू शकले नाही."

"म्हणजे ते तयार आहेत?"

"घराची ओढच नाही म्हटल्यावर तयारच म्हणायचे. मीच या कामाची नाही."

तडवींनी पट्टा हातात घेतला. "हा काम कसा करतो, सांगाल?"

"सर, माझी परीक्षा घेताय?"

"प्रश्न विचारतोय. त्याला भजी लागत नाहीत."

सुगंधाताई हसल्या नाहीत, पण उत्तर दिलं. "बोलताना त्यांच्या श्वासाची, हृदयाची, स्नायूंची नोंद होते. नंतर मी पट्टा बांधला की तेच माझ्या शरीरात उमटतं. पण माझी धडधड त्यांची समजून घोटाळा होऊ नये, म्हणून पट्टा त्याच वेळी माझंही मोजतो आणि त्यांच्या नोंदीतून वजा करतो. जे उरेल तेवढंच मला जाणवतं."

"आणि वजाबाकी करून शून्य कधी उरतं?"

"त्यांच्यात काही नसेल आणि माझ्यातही काही नसेल, तेव्हा." त्या थांबल्या. हातातला कप त्यांनी खाली ठेवला. "किंवा दोघांचं सारखंच असेल, तेव्हा."

तडवींनी पट्टा त्यांच्यापुढे सरकवला. सुगंधाताईंनी पट्टा पुन्हा बांधला, वजाबाकी बंद केली आणि तोच भाग लावला. परुळेकरांचा आवाज आला, "घरी सगळं ठीक आहे." त्यासरशी छातीवर कुणी पाटा ठेवावा तसं झालं. हे ओझं त्यांच्या ओळखीचं होतं. तीन वर्षं अंगावर वागवून ते जाणवेनासं झालं होतं. आता ते दुप्पट झालं आणि त्यांना रडू कोसळलं.

"माझा भाऊ गेला, तेव्हा मी इथेच होते," त्या म्हणाल्या. "आजारी होता. ये म्हणत होता. एवढी तुकडी रवाना झाली की जाते, असं म्हणत राहिले."

"परुळेकरांनी घराचा विषय काढला की तुम्ही काय करत होतात?"

"बदलत होते. दर वेळी. मला वाटायचं, मी त्यांचा वेळ वाचवतेय."

दुपारी त्यांनी परुळेकरांना बोलावलं आणि काही प्रस्तावना न करता विचारलं, "घरी कोण आजारी आहे?"

"आई," तो धिप्पाड माणूस बुटांकडे बघत म्हणाला. "डॉक्टरांनी थोडेच महिने सांगितलेत. तुम्ही विचाराल, तुम्ही विचाराल, म्हणून थांबलो होतो. नाही विचारलंत, तेव्हा वाटलं, प्रमुखाने हे बोलायचं नसतं."

"माझं चुकलं," सुगंधाताई म्हणाल्या. "तुम्ही उद्या जायला तयार नाही, असं मी कळवतेय. चालेल?"

त्याने मान डोलावली. संध्याकाळच्या गाडीने तो वेंगुर्ल्याला गेला. तुकडी त्याच्या उपप्रमुखाबरोबर जाणार होती.

सुगंधाताई परत तडवींच्या खोलीत आल्या. राजीनाम्याचा विषय कुणी काढला नाही.

"सर, तुम्हाला कसं कळलं? परुळेकरांच्या परवानगीने तुम्हीही तो भाग पट्ट्यावर घेतला होता ना?"

"घेतला होता, काल."

"मग तुम्हाला तरी आधीच सांगता आलं असतं, छातीवर ओझं आलं म्हणून. भजीला एवढे घाबरता?"

तडवी उठून खिडकीपाशी गेले. "ओझं नाही आलं," ते म्हणाले. "मलाही शून्यच आलं."

सुगंधाताईंनी निरीक्षकाची खुर्ची ओढली, तिच्यात बसल्या आणि दुसरी त्यांच्यापुढे सरकवली.

"बसा, सर," त्या म्हणाल्या. "तुमचं कुणाला भेटायचं राहून गेलं?"