दोन खुर्च्यांची खोली

दवाखान्यातून तो दुपारी घरी आला तो फक्त बायकोची शाल न्यायला. तपासण्या लांबल्या होत्या, वॉर्डातला पंखा काही केल्या बंद होत नव्हता आणि तिला थंडी वाजत होती. तिची धाकटी बहीण तिच्याजवळ बसली होती. "भावोजी, निळी नको, ती करडी आणा. मागच्या खोलीत असेल, खुर्चीवर," असं मेहुणीनं निघताना बजावलं होतं. काम दोन मिनिटांचं. शाल उचलायची, कुलूप लावायचं आणि परत फिरायचं.

पण मागच्या खोलीचं नुसतं नाव काढलं तरी त्याच्या कपाळावर आठी पडायची. त्या खोलीशी त्याचं बरीच वर्षं बिनसलं होतं.

त्याचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही पटायचं नाही. तो सभागृहांचा आवाज लावून द्यायचा. नवं नाट्यगृह बांधलं आणि मागच्या रांगेत शब्दच पोचेनात, किंवा भाषण नुसतंच घुमायला लागलं, की त्याला बोलावणं यायचं. मग तो कुठे जाड पडदा सोडायला सांगायचा, कुठे भिंतीवर लाकडी फळ्या ठोकायला सांगायचा. उपकरणं होती त्याच्याकडे, चांगली महागडी होती. पण ती पिशवीतून काढण्याआधी तो मंचाच्या मधोमध उभा राहायचा, एकच टाळी वाजवायचा आणि डोळे मिटून तिची शेपटी ऐकायचा. शेपटी म्हणजे टाळी संपल्यावर हवेत जे रेंगाळतं ते. रिकामी जागा टाळी परत देते. माणूस बसला असेल तर त्याचं अंग, कपडे, केस त्यातली थोडी खाऊन टाकतात. कामावरची मंडळी कधी गंमत म्हणून एखाद्याला पडद्यामागे लपवायची, आणि हा टाळी वाजवून म्हणायचा, "डावीकडचे साहेब, या आता बाहेर, तिथे धूळ आहे." सगळे त्याला टाळीमास्तर म्हणत. त्याचा कान कधी चुकला नव्हता.

देवाबद्दलचं त्याचं मतही या कानातूनच आलेलं होतं. असता तर ऐकू आला असता, एवढं साधं. लग्न ठरलं तेव्हाच त्यानं तिला सांगून टाकलं होतं, "वर कोणी नाही. खाली आपण दोघं आहोत. एवढंच आहे, आणि माझ्या मते एवढं पुष्कळ आहे." नास्तिक माणूस कोरडा असतो असं लोकांना उगाच वाटतं. वर कोणी सांभाळणारा नाही, म्हणून समोरच्या माणसावर जीव ओवाळून टाकायचा, असा याचा हिशोब. इतर लोक जी भक्ती थोडी इथे, थोडी तिथे वाटून टाकतात ती यानं सगळीच्या सगळी एका बाईच्या पदरात घातली होती. आणि तीही तेव्हा हसून "पुष्कळ आहे," म्हणाली होती.

मग मधेच कधीतरी ती मागच्या खोलीत बसायला लागली. रोज, अंधारून यायच्या वेळी. तिथे मूर्ती नव्हती, पोथी नव्हती, काहीच नव्हतं. समोरासमोर दोन खुर्च्या, एवढंच. एकीवर ती बसायची. दार लोटलेलं असायचं आणि आतून तिचा आवाज यायचा, अगदी हलका. बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची.

बोलणं त्यानं सहन केलं असतं. ते थांबणं त्याच्या जिव्हारी लागायचं. कारण थांबायची तेव्हा ती ऐकत असायची. याची वाक्यं ती अर्ध्यातच तोडायची, "कळलं, कळलं," म्हणून उठून जायची. आणि तिथे आत, कोणीही नसलेल्या खुर्चीसमोर, ही बाई जिवाचा कान करून बसायची. मधेच हसायची. ते हसू यानं कधी ऐकलं नव्हतं. आणि कहर म्हणजे, याला ती आयुष्यभर 'अहो' म्हणत आली होती, आणि आतल्याला बेधडक 'तू' म्हणायची.

"देवाला सगळेच तू म्हणतात," ती म्हणाली होती.

"माहीत आहे मला," तो म्हणाला होता, आणि त्या दिवशी अर्धपोटी उठला होता.

जो मुळात नाहीच त्याच्यावर जळायचं कसं, हा प्रश्न त्यालाही पडायचा. शेजारच्या एखाद्या देखण्या माणसावर जळला असता, तर निदान जाऊन दोन शब्द सुनावता आले असते. इथे सुनावणार कोणाला? जळत मात्र होता, आतल्या आत, अगदी राख होईपर्यंत.

आणि आज सकाळी तर त्याचा तिळपापडच झाला होता. डॉक्टरांनी गाठ पाहिली आणि तिला विचारलं, "ही कधी लक्षात आली?" ती म्हणाली, "झाले बरेच दिवस." तो बाकावरून उठलाच. "मला नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही घाबरला असता." "मग कोणालाच सांगितलं नाहीस?" यावर तिनं नजर खाली वळवली. कोणाला सांगितलं होतं ते त्याला तेव्हा कळलं.

तेव्हा आता लक्षात येईल की शाल उचलल्यावर तो लगेच का निघाला नाही.

खोलीत दुपारचा पिवळट उजेड होता. बंद राहिलेल्या कापडाचा आणि तिच्या साबणाचा वास होता. आज याचा सोक्षमोक्ष लावू, असं त्याच्या मनात आलं. संध्याकाळी तिला ठासून सांगता येईल, की बाई गं, मी माझ्या कानांनी तपासलं, तिथे कोणी नाही. तो मधोमध उभा राहिला, डोळे मिटले आणि एक टाळी वाजवली.

शेपटी तोकडी आली.

पडदा आहे, त्याला वाटलं. त्यानं पडदा उतरवून बाहेर टाकला. कोपऱ्यातली गादीची वळकटी बाहेर नेली. हातातली शाल बाहेर टाकली. शेवटी दोन्ही खुर्च्या उचलून बाहेर ठेवल्या. आता चार भिंती, फरशी आणि तो. अशी उघडी खोली पितळेच्या हंड्यासारखी वाजायला हवी. त्यानं टाळी वाजवली. आवाज तीन भिंतींवरून नीट परत आला. चौथ्या बाजूनं, जिथे समोरची खुर्ची असायची तिथून, कोणीतरी तो खाल्ला. बसलेल्या माणसाची छाती येते साधारण त्या उंचीवरून.

त्याला आधी भीती नाही वाटली. आधी मनात आलं, खुर्ची काढली तरी बसलाय! मग हातावरचे केस उभे राहिले आणि तो मागे न बघता बाहेर पडला.

दवाखान्यात पोचल्यावर मेहुणी म्हणाली, "भावोजी, शाल?"

शाल राहिली होती.

दुसऱ्या दिवशी तिला एका रात्रीपुरतं घरी सोडलं. त्याच्या पुढच्या सकाळी ऑपरेशन होतं. तोवर त्यानं सगळं जागच्या जागी नेऊन ठेवलं होतं, शालीसकट. भिंतीला ओल आली असेल, कान थकला असेल, अशी स्वतःची समजूतही घातली होती. आल्या आल्या ती मागच्या खोलीत गेली आणि थोड्याच वेळात बाहेर आली.

"तुम्ही टाळी वाजवलीत आत?"

"कोण म्हणालं?"

"तो दचकला म्हणे. आणि खुर्ची काढायची काय गरज होती, असं विचारत होता."

त्याच्या पाठीतून सरसरून काहीतरी गेलं. पण मत्सर भीतीपेक्षा चिवट असतो. त्यानं विचारलं ते भलतंच. "आणखी काय काय सांगतो तुला?"

"म्हणाला, त्यांनाही आत बोलाव. येता? मी तिसरी खुर्ची आणते. आज तरी या हो."

"मी नाही येणार. आत कोणी नाही. तुझ्या मनाचे खेळ आहेत." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "आजची संध्याकाळ मला दे. फक्त मला. उद्या काय होईल कोणास ठाऊक... एवढी एकच मागतोय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली.

त्यानं मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. तिनं ते पाहिलं.

दोघं बाहेरच्या खोलीत बसली. हवी ती संध्याकाळ मिळाली होती, आणि आता बोलायचं काय ते त्याला सुचेना. तो म्हणाला, मोरीचा नळ गळतोय. ती म्हणाली, वायसर बदलून घ्या. तो म्हणाला, तुझ्या बहिणीच्या हाताला चव नाही. ती म्हणाली, नावं ठेवू नका, पुढे तीच डबा आणणार आहे. तुला भीती वाटते का, एवढंच त्याला विचारायचं होतं. ते ओठापर्यंत यायचं आणि परत जायचं. तिची नजर मधून मधून मागच्या दाराकडे वळत होती, आणि ती वळली की हा खिशातली किल्ली चाचपत होता. बाहेरचा उजेड गेला. दिवा लावायला कोणी उठलं नाही.

तेवढ्यात कुलूपबंद खोलीतून टाळी वाजली. एकच.

आणि मग शांतता. ती शांतता तो ओळखत होता. टाळी वाजवून डोळे मिटल्यावर तो स्वतः अशीच शांतता ऐकत उभा राहायचा.

"तुमचीच सवय लागली त्याला," ती हळूच म्हणाली. अंधारात ती हसली असावी.

"काय... काय बघतोय तो?"

"तुम्ही काय बघता?"

"कोणी आहे का... ते."

"तेच." तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात गार होता. "द्या ना उत्तर. नुसतं 'आहे' म्हणा. माझ्यासाठी म्हणा."

एका शब्दाचा प्रश्न होता. पण ज्याला आयुष्यभर नाही म्हटलं, त्याला आपण आहोत हे सांगायचं? आणि तेही ज्यानं आपल्या बायकोचं अर्धं आयुष्य पळवलं त्याला? त्यानं दात घट्ट आवळले. ती बराच वेळ वाट बघत राहिली. मग तिनं हात काढून घेतला.

ऑपरेशनच्या टेबलावरून ती परत आली नाही.

मेहुणी काही दिवस राहिली. जाताना म्हणाली, "भावोजी, ती खोली उघडता? ताईची करडी शाल आठवण म्हणून नेली असती." तो म्हणाला, "नंतर बघू." किल्ली त्याच्या खिशातच होती. शर्ट बदलला की या खिशातली त्या खिशात जायची. खोली त्या संध्याकाळनंतर कोणी उघडली नव्हती.

वर कोणी नाही, हे त्याचं मत अजूनही कायम होतं. फक्त आता खाली दोघं नव्हती, आणि जे पुष्कळ होतं त्यातलं काहीच उरलं नव्हतं. तो कामावर जायचा, परत यायचा आणि बाहेरच्या खोलीत अंधार होईपर्यंत बसून राहायचा.

अशाच एका संध्याकाळी आतून आवाज आला. हलका. बोलायचा, थांबायचा, पुन्हा बोलायचा.

तो उठला, धडपडत गेला आणि दाराला कान लावला. तिचाच होता. साबणाचा वासही येत होता, फटीतून, ताजा. दुसरा कोणी असता तर किंचाळला असता, किंवा आनंदानं रडला तरी असता. याच्या मनात आलं ते एवढंच, की गेली ती सरळ त्याच्याकडे गेली. माझ्याकडे एकदाही आली नाही. शब्द नीट कळत नव्हते. मधेच ती हसली, तेच ते हसू.

मग आत टाळी वाजली.

तो श्वास रोखून उभा राहिला. आतही कोणीतरी श्वास रोखून ऐकत होतं.

"नाही रे..." ती म्हणाली. आता शब्द अगदी स्पष्ट आले, दाराच्या पलीकडून, हातभर अंतरावरून. "बाहेर कोणी नाही. मलाच इतकी वर्षं उगाच वाटायचं."

"आहे," तो म्हणाला. म्हणजे म्हणायला गेला. ओठ हलले, आवाज फुटला नाही. "अगं, आहे... मी आहे..." त्यानं किल्ली काढायला हात खिशात घातला, पण ती शिवणीत अडकली. शेवटी त्याला जे एकच येत होतं ते त्यानं केलं. दोन्ही हात वर उचलले आणि जीव खाऊन टाळी वाजवली.

टाळी बाहेरच्या खोलीभर फिरली. या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली, छताला लागली, सावकाश परत आली. मधे कुठेही अडली नाही, कोणी तिला खाल्लं नाही, त्याच्या स्वतःच्या अंगानंही नाही. लांब, स्वच्छ शेपटी होती, माणूस नसलेल्या घरात असते तशी. त्याचा कान कधी चुकला नव्हता.

आत एक खुर्ची फरशीवरून सरकली, दुसरीच्या आणखी जवळ.